हात होते, भार नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. माझी चाकं गंजली आहेत, पण फळ्या अजून शाबूत आहेत आणि त्यांना सगळं आठवतं.

सुताराने मला घडवलं ते एका लाँड्रीसाठी. चढाच्या पायथ्याशी लाँड्री, वर दवाखाना. दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी माझ्यावर लादून दोघीजणी रोज वर न्यायच्या. वहिनी पुढे दांडी ओढायची आणि तिची नणंद मागची फळी रेटायची. मी कशी अलगद चढायचे!

"वहिनी, दमलीस तर सांग हं. तुलाही चादरीत गुंडाळून गाडीत टाकते."

"वन्सं, तुमच्या जिभेलाच चाकं आहेत. गाडी हवीय कशाला?"

देवाच्या दयेने काम वाढलं, ओझं वाढलं. मागे रेटायला आणखी पाचजणी आल्या. मला वाटलं, आता मी उडतच जाणार! "हैय्या" म्हणून आरोळी उठायची, गप्पा रंगायच्या. पण लाकडाला स्पर्श कळतो. फळीवर इतके हात, भार मात्र जेमतेम दोघींचा. आळशी त्यातली कुणीच नव्हती. जिला तिला वाटायचं, एवढ्याजणी आहेत, माझ्यावाचून काय अडतंय? हळूहळू नणंदेचाही भार हलका झाला. एवढ्या माणसांत मी इतकी एकटी कधी नव्हते. पुढे वहिनीचे घामेजलेले तळवे तेवढे माझ्या सोबतीला होते.

"अगं, रेटताय ना?" ती विचारायची.

"रेटतोय की!" सगळ्या एका सुरात म्हणायच्या.

एकदा वळणावर मी अडले आणि मागे घसरू लागले. मागच्या साऱ्या पटकन बाजूला झाल्या. वहिनीने दांडी सोडली नाही. ती माझ्यामागे फरफटली, तिचं मनगट मोडलं.

"मी तर रेटत होते बाई!" जी ती म्हणाली. खोटं तरी कसं म्हणू? हात सगळ्यांचेच होते.

मनगट पुन्हा नीट झालं नाही. वहिनी लेकीकडे राहायला गेली. लाँड्रीत टेम्पो आला आणि मी मागच्या भिंतीपाशी गेले. येता-जाता कुणी म्हणतं, "हिला कुणीतरी तेल घाला गं." ते 'कुणीतरी' अजून आलेलं नाही.

परवा नणंद एकटीच आली. फळीवर हात ठेवून तिने सगळा जोर लावला. चाकं कुरकुरली, मी वीतभर सरकले. तोच जुना, ओळखीचा भार! पण दांडी जमिनीवर टेकलेली होती, तिला धरायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, हातभार लावतो म्हणाल, तेव्हा हातामागून भारही येऊ द्या. पुढे दांडी धरून आपलंच माणूस असतं.