आधी कुणी हात लावला होता?

भिंगकाकांचा आपल्या सावलीवरही विश्वास नव्हता. दुकानाला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहत, चार पावलं जात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांच्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ पडला होता, म्हणून ते नाव पडलं. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"याला आधी कुणी हात लावला होता?"

"छे छे! थेट तुमच्याकडेच आणलंय."

काका मागचं झाकण काढत, भिंगातून पाहत आणि स्क्रूच्या खाचेवरचा ताजा ओरखडा त्याच्या नाकासमोर धरत. "मग हा काय उंदराने केला?" समोरचा माणूस ओशाळला की काकांचा दिवस चांगला जाई.

अशा माणसाच्या उजव्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मधे, एक गाठ आली. लिंबाएवढी झाली तरी दुखेना. दुखत नाही त्याला दुखणं कसं म्हणायचं, असं म्हणत काकांनी वर्ष काढलं. शेवटी काम करताना हात टेबलावर नीट टेकेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. तो ओळखीचा, घरचाच म्हणायचा. त्याने गाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "चरबीची आहे काका. दहा मिनिटांचं काम." सुई देऊन भाग बधिर केला, गाठ काढली, पाच टाके घातले. जगावर संशय घेणाऱ्या काकांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही.

सात महिन्यांनी गाठ परत उगवली. जुन्या व्रणापासून बोटभर सरकून, आणि पहिलीपेक्षा मोठी. काकूंनी या खेपेला काही ऐकून न घेता त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे काकांचा संशय गुडघ्यापर्यंत होता तो गळ्यापर्यंत आला. नुसतं कापायचं सोडून आधी मोठ्या यंत्रात घालून हाताचे फोटो काढले. मग जाड सुईने गाठीतले धाग्यासारखे तुकडे काढले आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासायला पाठवले. वर छातीचे फोटो.

"हाताला गाठ आणि फोटो छातीचे," काका काकूंच्या कानाशी कुजबुजले. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"हळू बोला. ऐकू जाईल."

"जाऊ दे ना. मीही डोळे उघडे ठेवून बसलोय, हे कळू दे."

दहा दिवसांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. पन्नाशीच्या, बारीक, आवाज मऊ पण नजर सुईसारखी. "याला सार्कोमा म्हणतात," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच, पण नेहमीचा नव्हे. मांस, चरबी, नसा, हाडं यांतून उगवणारा. फार थोड्या लोकांना होतो, म्हणून चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून माणूस थांबून राहतो. पसरला तर रक्तातून आधी फुप्फुसात जातो, म्हणून छाती पाहिली. छाती सध्या स्वच्छ आहे."

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. काका मात्र बाईंचा चेहरा वाचत होते.

"आता मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "या गाठीला आधी कुणी हात लावला होता?"

काकांचे कान टवकारले. चाळीस वर्षं जो प्रश्न ते लोकांना विचारत आले, तोच आज त्यांच्यावर आला होता. बाईंचं काम पारखायची यापेक्षा चांगली संधी कुठली?

"नाही," ते म्हणाले.

"मग हा व्रण?"

"काच लागली होती. जुनी गोष्ट आहे."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर काकूंचा बांध फुटला. "अहो, धडधडीत खोटं का बोललात?"

"बघू तरी, बाईंना कळतं का."

"ती काय तुमची गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक मी आहे. म्हणूनच पाहतोय."

पुढच्या भेटीत बाईंनी पडद्यावर हाताचा फोटो लावून ठेवला होता. काकांच्या हातावर व्रणाच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके होते, त्यावर त्यांनी आधी बोट ठेवलं. "या काचेची शिस्त चांगली दिसते. आणि आता पडद्यावर बघा, आत मांसाचे थर कुणीतरी उसवल्यासारखे दिसताहेत."

काकांना आतून बरं वाटलं. बाई कच्च्या नव्हत्या. पण आता लगेच कबूल करायचं तर जीभ रेटेना. "जुनं आहे ते," एवढंच ते पुटपुटले.

बाईंनी निळं पेन काढलं आणि त्यांच्या हातावर दोन रेघा आखल्या. एक गाठीभोवती, थोडं चांगलं मांस धरून. दुसरी तिच्याहून मोठी, जुना व्रण पोटात घेऊन पार खालपर्यंत गेलेली.

"कुणी हात लावला नसेल तर एवढं काढून भागेल," त्यांनी लहान रेघेवर पेन टेकवलं. "बोटं शाबूत राहतील. पण कुणी आधी उघडून ठेवलं असेल, तर त्याची सुरी जिथे जिथे फिरली तिथे रोगाचे कण सांडलेले असू शकतात. मग ते सगळं काढावं लागेल. त्या पट्ट्यात शेवटच्या दोन बोटांना वाकवणारे स्नायू आहेत. काढले तर ती बोटं बहुधा लुळी पडतील. मला संशय आहे, पण नुसत्या संशयावर मी एवढं कापत नाही. गुरुवारपर्यंत विचार करून सांगा."

काका घरी आले ते मान खाली घालून. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेबलावर टेकल्याशिवाय त्यांच्या हातात चिमटा स्थिर राहत नसे. ती बोटं गेली की दुकान गेलं. खरं बोललो की बोटं जाणार, खोटं बोललो की राहणार. हा कुठला न्याय? बाईंना मोठं कापायला निमित्तच हवंय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले. दवाखान्यात कुणी नव्हतं.

"डॉक्टर, माझी ती गाठ तपासायला पाठवली होती?"

"चरबीच होती काका. त्यात तपासायचं काय?"

"अखंड निघाली होती?"

डॉक्टरने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "जरा चिकटून बसली होती. तुकडे करून काढावी लागली. पण आतून सगळं धुऊन घेतलं हं मी."

"आणि टाकली कुठे?"

"बादलीत. का हो, परत आली का?" मग आवाज उतरवून, "काका, तिकडे माझं नाव नका घेऊ. आपलं घरचं आहे."

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी खोटारडे पकडले होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिलंच नव्हतं. बाईंची मोठी रेघ त्यांना आता लबाडीची वाटेना.

संध्याकाळी काकू दुकानात आल्या तेव्हा काका शेवटची दोन बोटं दोऱ्याने तळव्याशी बांधून चिमट्याने एक स्क्रू उचलू पाहत होते.

"हे काय चाललंय?"

"तीन बोटांत भागतं का ते पाहतोय."

"भागतं?"

स्क्रू टेबलावरून घरंगळला. "नाही," काका म्हणाले. दोरा सोडवताना त्यांनी मान वर केली नाही. "भागवावं लागेल."

गुरुवारी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. तारीख, पाच टाके, तुकडे, बादली. डॉक्टरचं नावही सांगितलं. "त्याची अब्रू घालवा असं म्हणत नाही. पण त्याला फोन करा. पुढच्या माणसाची गाठ तरी त्याने अशी काढू नये."

"करते," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत.

काकांना ते खटकलं. "तुम्हाला कळलं होतं ना? मग मला कशाला एवढं विचारत बसलात?"

"संशय माझा होता. बोटं तुमची."

काकांनी उजवा हात पुढे करून मोठ्या रेघेच्या जागेवर बोट ठेवलं.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. शुद्धीवर आल्यावर काकांनी आधी अंगठा हलवला, मग तर्जनी, मग मधलं बोट. त्यापुढची दोन हलली नाहीत. काकूंनी ती दोन बोटं हातात घेतली आणि तशीच धरून बसल्या.

बाराव्या दिवशी तपासणीचा कागद आला. "काढलेल्या मांसाच्या कडा चहूबाजूंनी स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "आणि जुन्या व्रणाखाली रोगाचे कण सापडले. लहान रेघेवर थांबलो असतो तर ते आतच राहिले असते. आता काही आठवडे किरणांचे शेक घ्यायचे."

"कडा स्वच्छ आहेत, हे कुणी पाहिलं?"

"दोघांनी. वेगवेगळं."

"तिसऱ्या कुणाला दाखवता येईल?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, यांचं काही मनावर घेऊ नका."

"दाखवू की," बाई हसून म्हणाल्या. "आणि दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो काढायचा. चुकवायचं नाही."

"म्हणजे परत येईल असं वाटतं तुम्हाला?"

"येऊ नये असं वाटतं. पण मी भरवसा ठेवत नाही."

काका पहिल्यांदाच मोकळे होऊन हसले. "बरोबर. ठेवूच नका."

पुढच्या भेटीची तारीख काकूंनी लिहून घेतली. काकांनी कागद डाव्या हाताने ओढून घेतला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिला आणि मगच घडी करून खिशात ठेवला.