शुक्र, घोड्यासारखी आहे

हे कुणी खरं मानणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. ज्याला पटणार नाही त्यानं या तुतीखालून खुशाल उठून जावं, पण पुलाव खाऊन मग. आपल्या अख्ख्या तालुक्यात दुखणी मोजायला माणसं आली होती ना, त्यांना खरं उत्तर एकट्या माझ्या गाढवानं दिलं. आणि त्या उत्तरावर सरकारनं औषध फुकट केलं.

"झालं सुरू," शेजारचा मामासोली म्हणाला. "एर्गाश-अका, तुमचं गाढव गेल्या खेपेला अख्खा कालवा पिऊन गेलं होतं."

ते दुसरं गाढव. तू तुझ्या मधमाश्या सांभाळ लेका, गाढवं माझ्यावर सोड.

हसा, हसा. पण माझी थोरली बहीण हानिफा-ओपा ही काय इथंच बसलीय, नातवाच्या पाळण्याच्या जेवणाला. तिच्यासमोर सांगतोय. जन्मभर तंदुरात हात घालून हिनं या मोहल्ल्याला नान खाऊ घातले, आणि मग बोटं झाली तुतीच्या मुळांसारखी. सांधे सुजलेले, सकाळी मूठ वळत नाही. त्यावर एक सुई आहे. आपल्यासारख्याला न परवडणारी. ती सरकारी दवाखान्यात फुकट द्यायची की नाही, हे राजधानीत ठरायचं होतं. तिच्यावर पैसा घातला तर माणसाचं दुखणं तेवढं कमी होतं का, याचा अभ्यास प्रोफेसर बोटिरोव यांच्याकडे. मी तेव्हा दवाखान्याची गाडी चालवायचो, म्हणून गावोगाव त्यांना मीच फिरवलं.

ओपाच्या घरी आल्याआल्या साहेब दस्तरखानापाशी, जेवणाच्या चादरीपाशी टेकले. मेंढीच्या शेपटीची चरबी वेचून वेचून खाल्ली, बोटं चाटली आणि त्याच ओशट बोटांनी प्रश्नांचे कागद उघडले. भर पाहुण्यांत, व्याह्यांच्या देखत विचारतात, "खाला, तब्येत कशी?"

आता मला सांगा, चारचौघांत कुणी तब्येत विचारली तर आपल्यात मरणाऱ्यानंही काय म्हणायचं असतं?

"शुक्र, घोड्यासारखी आहे!" सगळे एका सुरात ओरडले.

ओपाही तेच म्हणाली, अल्लाचे आभार मानून. दुखतं का? शुक्र. हातानं काम करताना त्रास? "घरात सून आहे, मी कशाला कामाला हात लावू?" आणि होतंही तसंच. चहा सून ओततेय, नान सून मोडतेय, ओपाचे हात लांब बाह्यांत. साहेबांना बाह्या दिसल्या. त्यांनी खूण केली, ठणठणीत! घरोघर हाच प्रकार. अंथरुणाला खिळलेला म्हातारा घोडा, जिना चढू न शकणारी बाई घोडी. तालुक्याचा तबेला करून टाकला.

मी गाडीत म्हणालो, "साहेब, पाहुण्याला कुणी आपलं दुखणं सांगत नाही हो. आतल्या खोलीत, दार लोटून, बाईनं बाईला विचारायला हवं." तर दात कोरत म्हणतात, "ड्रायव्हर, समोर बघ. हे प्रश्न परदेशात तपासलेले आहेत."

प्रश्न तपासलेत रे, उत्तरं कोण तुझा बाप तपासणार? थू!

मग तो निबंध छापून आला. सुनेनं वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, आपले आजारी लोक होडीनं दवाखान्यात येतात.

"होडीनं?" मामासोलीला ठसका लागला. "कुठल्या पाण्यातून? कालव्यात माझी बदकं पायी जातात!"

कुठल्याशा बेटांच्या देशाचा निबंध उचलला, गावांची नावं बदलली, होडी काढायची राहिली. औषधाच्या किमती तिसऱ्याच देशाच्या. आपली अशी फक्त उत्तरं, आणि तीच खोटी. ऐकताना मला नुसता त्या शिळ्या चरबीचा वास येत होता. तळाशी निष्कर्ष: या लोकांना दुखतच नाही, तर सुई कशाला?

"गाढव कुठाय?" मामासोली म्हणाला.

येतंय. शेवटच्या दिवशी मोजणीत एक माणूस कमी पडला. साहेब गाडीत घोरताहेत, उत्तरं लिहिणारा त्यांचा मदतनीस फोनमध्ये डोकं घालून बसलेला. मी गाढव पुढं केलं. "चालायला त्रास?" गाढव खाली बसलं. "दुखतं का?" असं ओरडलं की तुतीची फळं गळली. "मन उदास असतं?" त्यानं गाडीतल्या साहेबांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मदतनिसानं मान वर न करता सगळं लिहून घेतलं. पुढं असले निबंध पारखणारी बाहेरची विद्वान मंडळी आली. त्यांनी चाळलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "यात हा एकच माणूस खरं बोलतोय. बाकीचं चुलीत घाला."

झालं! गाढवाच्या शब्दावर सुई फुकट. आमच्या दवाखान्यात आली, ओपाला मिळाली. आज पहाटे तिनं स्वतः कणीक मळली. तुमच्या हातातला नान तिच्या हातचा आहे, माझी मिशी गहाण.

सगळे हातातल्या नानकडे बघायला लागले. मामासोलीनं तर आपला तुकडा डोळ्यांना लावला. व्याही कौतुकानं पुढं झुकले. "वा! मग ओपा, आता तब्येत कशी?"

सून चहाची वाटी ओपाच्या ओठांशी नेत होती. ओपानं मानेनंच ती बाजूला सारली. मग बाह्यांतून दोन्ही हात बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर दस्तरखानावर ठेवले.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "सुई आलेली नाही. नान सुनेनं केलेत. आणि दुखतं. फार दुखतं."