धर्माचा डावा हात

बाबाजीनं माझ्या बापाला फेकी, म्हणजे हात वाकवून बॉल फेकणारा, ठरवलं, त्याला बावीस वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात तोच मेला पेढे घेऊन दारात! "हिना, तुझ्या बापाच्या नावानं चषक ठेवलाय. उद्घाटनाला ये."

"आधी माइकवर सांग, धर्मा फेकी नव्हता."

"जुनं कशाला उकरतेस?" म्हणाला आणि पेढे ठेवून सटकला.

माझा बाप धर्मा कोळी, भाईंदर पश्चिमेचा. टेनिस बॉलनं डाव्या हातानं असा टाकायचा की काशीगावहून लोक बघायला यायचे. एका फायनलला त्यानं बाबाजीचा मधला स्टंप उडवला. स्पर्धा बाबाजीची, अंपायर त्याचा मेव्हणा. बाबाजी बोंबलला, "हात वाकतोय, फेकतोय!" मेव्हण्यानं नो बॉल दिला. त्यानंतर बापाला एकाही टीमनं बोलावलं नाही. मरेपर्यंत अंगणात मला बॉलिंग शिकवत राहिला. हात सरळ ठेव पोरी, एवढंच घोकायचा.

आई म्हणाली, "जाऊ नको. त्याला लाज न्हाय." मी गेले. तो 'फेकी' शब्द त्यानं सगळ्यांसमोर मागे घ्यायला हवा होता.

मैदानावरचा बॅनर बघून डोकंच फिरलं. बाप उजव्या हातानं बॉल टाकतोय! बापाचं तोंड बाबाजीच्या फोटोकडे यावं म्हणून फोटोच आरशातल्यासारखा उलटा छापलेला.

"आधी हात वाकडा म्हणालास, आता हातच बदललास?" मी ओरडले.

"कोण बघतंय एवढं?" बाबाजी हसला. कॉलरला माइक लावून, बॅट घेऊन उभा राहिला. पहिला बॉल पाहुण्यानं हळूच टाकायचा, आयोजकानं टोलवायचा, फोटो काढायचे, अशी आमच्याकडे रीत.

मी चपला काढल्या. बॉल डाव्या हातात घेतला. हळूबिळू काही नाही.

मधला स्टंप उडाला.

"नो बॉल!" बाबाजी बोंबलला. "हात वाकतोय, फेकतेय ती!"

माइकवरून अख्ख्या मैदानानं ऐकलं. मागून एक म्हातारा कोळी ओरडला, "धर्माला बी हेच बोललेलास ना रं!" लोक खदाखदा हसायला लागले.

या वेळी अंपायर होता बाबाजीचा मुलगा, जितेश. त्यानं मैदानावर लावलेल्या स्क्रीनवर रिप्ले दोनदा बघितला. मान खाली घालून म्हणाला, "पप्पा, हात सरळ आहे." आणि बोट वर केलं.

घरी आईनं विचारलं, "बोलला का तो?"

"नाही," मी म्हटलं. "पण आउट झाला. बावीस वर्षांनी."