कॉलेजसाठी, थोडं खेळायला

प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं शेवटचं कोरं पान फाडून मी त्यावर दोन रकाने आखले. एकावर ‘अ’, दुसऱ्यावर ‘ब’. पुष्करने अमेरिकेहून पाठवलेल्या पत्रात कॅटलॉगची दोन पानं होती आणि त्यांवर त्याने लाल पेनाने हीच अक्षरं लिहिली होती. ‘अ’चं वजन साडेतीन किलो, सीडी ड्राइव्ह आतच, पडदा मोठा आणि उजळ. ‘ब’ दोन किलोंचा, बॅटरी तीन तास चालणारी, पण फ्लॉपीसाठी वेगळी पेटी जोडावी लागणारी. डिसेंबरात आमच्या लग्नाला येताना यातला एक लॅपटॉप तो माझ्यासाठी आणणार होता. कुठला, ते मी दिवाळीपर्यंत कळवायचं होतं.

१९९८ सालचा सप्टेंबर होता. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात होते, इलेक्ट्रॉनिक्सला. घर साताऱ्याला, राहणं वसतिगृहात. आमच्या संगणकाच्या प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जावं लागे. आठवड्याला दोन तास मिळत, त्यातही दोघींत एक यंत्र, आणि मधेच वीज गेली की केलेलं सगळं जाई. त्यामुळे लॅपटॉप मला नको होता असं मी म्हणू शकत नाही. हवा होता. ती दोन पानं मी इतक्यांदा उघडून वाचली की घडीवरची अक्षरं पुसट झाली.

लग्न ऑगस्टमध्ये ठरलं. पुष्करचे आईवडील सांगलीचेच, विश्रामबागेत त्यांचा बंगला. पुष्कर चार दिवसांसाठी आला होता. मुलगी पसंत आहे असं त्यांनी सांगितलं आणि मुलगा पसंत आहे असं बाबांनी सांगितलं. शिक्षण अर्धवट राहील, असं आई एकदा हळूच म्हणाली, तेव्हा पुष्करची आई, शकुंतलाकाकू, लगेच म्हणाल्या की उरलेलं तिकडे पूर्ण करेल, आम्ही काही जुन्या वळणाची माणसं नाही. लॅपटॉप हा त्या शब्दाचाच पुरावा होता. बाबा पोस्टात होते. तिथे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की सासरची माणसं सून यायच्या आधी तिच्या अभ्यासाची सोय करतायत.

काकू वाईट असत्या तर सोपं झालं असतं. वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीला गावातला एक पालक लागे, त्याच्या सहीशिवाय बाहेर राहता येत नसे. पहिली दोन वर्षं बाबांच्या ओळखीतले एक पोस्टमास्तर माझे पालक होते. सुपारी फुटल्यावर बाबांनी रजिस्टरात त्यांच्या जागी काकूंचं नाव घातलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी पुष्करचे वडील, काका, स्कूटरवरून मला न्यायला येत. रविवारी साडेआठला पुष्करचा फोन येई. सगळे दिवाणखान्यात बसत आणि शेवटी दोन मिनिटं रिसीव्हर माझ्या हातात देत. काकू मला आवडते म्हणून अळूची भाजी करत. जाताना डब्यात लाडू देत, खोलीतल्या मैत्रिणीसाठीसुद्धा.

ती मैत्रीण म्हणजे क्रांती, इस्लामपूरजवळच्या एका गावची. वडील सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, घरचा ऊस. तिने माझा तक्ता हातात घेतला आणि काकूंचा लाडू खात वाचला.

“दोन किलोवाला घे,” ती म्हणाली. “हलका हाय. पळायला बरा.”

मी तिला समजावलं, की हलक्याचा पडदा जुन्या पद्धतीचा आहे. त्यावर काही वेगाने हललं की मागे शेपटीसारखी सावली राहते. लिहायला चालेल, पण खेळांना तो उपयोगाचा नाही. पुष्करने मुद्दाम तसं लिहिलं होतं.

“आणि खेळायचंय कुणाला?”

मी पत्र काढून तिला ती ओळ दाखवली. ‘माझं मत अ ला. मी सकाळी सातला जातो, यायला आठ होतात. गाडी शिकेपर्यंत तुला कुठे जाता येणार नाही, आणि थंडीत बाहेर पडवत नाही. कॉलेजचं एक-दोन वर्षांनी बघू, आधी बस्तान बसू दे. तोवर अभ्यासाची सवय राहील आणि कंटाळा आला तर थोडं खेळायलाही होईल. पत्त्यांचे, बुद्धिबळाचे, सगळे खेळ मी आधीच भरून ठेवीन.’

क्रांतीने ओळ दोनदा वाचली. खोडकर काही बोलेल असं वाटलं होतं, पण तिने पत्राची घडी घालून माझ्या पुस्तकात ठेवली.

“ह्यो कॉलेजसाठी न्हाई गं,” ती म्हणाली. “तेरा तास घरात बसायचंय, त्यासाठी हाय.”

सात ते आठ, तेरा तास बरोबर होते. हा हिशेब मी केला नव्हता. मेगाहर्ट्झ आणि मेगाबाइट मी तपासले होते, बॅटरीचे तास चार्जिंगच्या तासांशी ताडून पाहिले होते. एक-दोन वर्षांनी कॉलेज ही गोष्ट मी वाचली होती, आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून सोडून दिली होती.

लग्न नको असं सरळ म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. नको ते आडून सांगायचं आणि ज्याने त्याने समजून घ्यायचं. म्हणून पुढच्या रविवारी, काकू एकट्या स्वयंपाकघरात असताना, मी म्हटलं की मला लॅपटॉप नकोच, टेबलावरचा साधा संगणक बरा. तो इथेच घेता येईल. टेबलावरचा संगणक विमानातून कोण नेणार? मला वाटलं, एवढ्यावरून कळेल, की मला इथेच राहायचंय.

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. बाहेर जाऊन त्यांनी काकांना सांगितलं, की पोरीला स्वतःसाठी काही मागवतच नाही, किती साधी आहे बघा. दुपारी त्यांनी बाबांना साताऱ्याला फोन केला. संध्याकाळपर्यंत सगळं ठरलं होतं. लग्नापर्यंतच्या अभ्यासाला संगणक दिवाळीआधीच घ्यायचा आणि विश्रामबागेत पुष्करच्या खोलीत ठेवायचा. आता वसतिगृहाची काय गरज? दिवाळीनंतर मी त्यांच्याकडेच राहायला यायचं. लॅपटॉप पुष्कर आणेलच, तो काही ऐकणार नाही.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा बाबा पहाटेच्या एसटीने सांगलीला आले होते. वसतिगृह सोडण्याच्या अर्जावर वडिलांची सही लागते. अर्ज त्यांच्या खिशात होता, माझ्या नावापासून सगळं भरलेला. काकांनी संगणकासाठी पुष्करचं टेबल खिडकीपासून सरकवून ठेवलं होतं. बसल्यावर उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून, आता समोर भिंत होती. त्यांनी मला खुर्चीत बसवून पाहिलं. उंची बरोबर आहे ना, विचारलं. मी हो म्हटलं.

फोन साडेआठला आला. काकू बोलल्या, काका बोलले, बाबांनी उभं राहून नमस्कार सांगितला. मग रिसीव्हर माझ्याकडे आला. उपग्रहावरून जाणारा आवाज पोचायला वेळ लागतो, आणि आपलं शेवटचं वाक्य आपल्यालाच पुन्हा ऐकू येतं.

“काय ठरलं?” पुष्करने विचारलं. “अ का ब?”

“यातला कॉलेजसाठी कुठला?”

“दोन्ही चालतात की.”

“कुठल्या कॉलेजसाठी?”

“ते तू आल्यावर बघू गं. लिहिलंय ना मी.”

“माझं कॉलेज इथे आहे,” मी म्हटलं. “डिसेंबरनंतर तीन सत्रं उरतात. ती मला इथेच पुरी करायची आहेत. तोपर्यंत मला लग्न करायचं नाही.”

‘करायचं नाही’ हे शब्द रिसीव्हरमधून परत आले. खोलीतही ते सगळ्यांनी ऐकले होते. भाजी निवडणारे काकूंचे हात थांबले. मी बाबांकडे पाहिलं नाही.

“तोपर्यंत नाही, की नाहीच?” पुष्करचा आवाज रागावलेला नव्हता. यंत्रात काय बिघडलंय हे विचारावं तसा होता.

“ते मला आज सांगता येणार नाही. हे मला आत्ताच पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय.”

तो म्हणाला, आईला फोन दे. मी दिला. काकू नुसतं हं, हं म्हणत राहिल्या. मग त्यांनी रिसीव्हर ठेवला, पदराने पुसला आणि त्या आत स्वयंपाकाला गेल्या.

दुपारी आम्ही चौघे जेवलो. कोणी मला रागावलं नाही. काकूंनी न विचारता मला दुसऱ्यांदा भाजी वाढली. बाबा पानातल्या मिठाकडे बघून जेवत होते. हात धुऊन आल्यावर त्यांनी अर्ज खिशातून काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

“साताऱ्याला चल,” ते म्हणाले. “आई बोलेल तुझ्याशी.”

“उद्या माझं प्रॅक्टिकल आहे.”

“एक बुडलं तर काय होतं?”

“बुडवायचं नाही, बाबा.”

काकांनी घसा खाकरला. ते भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पानं वर करत डिसेंबरपर्यंत आले. लग्नाच्या सत्तावीस तारखेभोवती हिरवं वर्तुळ होतं.

“शेवटची परीक्षा कधी असते तुमची?” त्यांनी मला विचारलं. मला ते नेहमी ‘तू’ म्हणत.

“मे महिन्यात.”

“म्हणजे पुढच्या वर्षी.”

“नाही. दोन हजार साली.”

त्यांनी डिसेंबरचं पान उचलून पाहिलं. मागे पुठ्ठा होता. काकू दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. बाबांनी अर्ज अजून हातातच धरला होता, फाडला नव्हता आणि सहीही केली नव्हती. काका पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मी टेलिफोनजवळचं पेन उचलून त्यांच्यापुढे धरलं.

“तिथेच लिहा, काका,” मी म्हटलं. “मे, दोन हजार.”