पेटीले आला ताप

कामरगावचा भिवाजी दिवसभर पिठाच्या गिरणीवर राहे अन् घरी आला का तारा जोडत बसे. अठ्ठ्याहत्तरच्या साली त्यानं चहाच्या खोक्यात आवाज मोठा कराची पेटी बांधली. आत नखाएवढी काळी आयसी, आवाज वाढवाची चिप, तिले दोन्हीकून पत्र्याचे पंख. ते सारं मायसाठी.

भागिरथामाय दर बुद्धपौर्णिमेले विहारात गाये. एक ओळ तिची, एक तिच्या मैतरणीची, लिलाबाईची. यंदा लिलाबाई मागच्या गल्लीत खाटीवर पडली होती, बसताही येये नायी. अन् मायचा आवाज पहिल्या रांगेपुढं जाये नायी.

"लिलाले ऐकू गेलं पाह्यजे," माय म्हने. "नायी त मी कायले गाऊ? भितीले ऐकवाले?"

पेटी सुरू झाली, माय घरीच गाऊन पाहू लागली. अर्ध्या गाण्यात आवाज फाटला, चिरकला अन् बंद. जरा वेळ थांबलं का पुन्हा सुरू. भिवाजीनं तारा पाह्यल्या, भोंगा बदलून पाह्यला, टाके नवे मारले. शेवटी आयसीले बोट लावलं अन् झटक्यानं तोंडात घातलं.

"अरे बाप्पा! निखारा होऊन राह्यला हा त!"

आचेले बाहेर निघाची वाट पाह्यजे होती. पंखाले जर्मलचा, म्हंजे अ‍ॅल्युमिनियमचा, पत्रा कसला का काम होते. त्यानं चुलीकडं पाह्यलं.

"तिकडं पाहू नका," वच्छला, त्याची बायको, म्हने. "ते झाकन माह्या मायनं देल्लं हाय."

"वच्छे, एक झाकन त हाय."

"मंग दूध कायनं झाकू? तुमच्या आयसीनं?"

भांडली भांडली, अन् घडीभरानं झाकण त्याच्या मांडीवर आणून टाकलं. भिवाजीनं ते कापून पंखाले कसलं, पेटीच्या मांगं हवेसाठी भोकंही पाडले. गाणं पुरं वाजलं. तो शीळ घालत गिरणीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावली, त पहिल्यापेक्षा लवकर बंद! पौर्णिमा उद्यावर आलेली. भिवाजीनं डोक्याले हात लावला, पेटी फिरवली, अन् पाह्यतच राह्यला. मांगचे सारे भोकं शेणमातीनं लिपलेले. कणगी लिपतात तसे, गुळगुळीत. त्यावरचे बोटं त्यानं वळखले. घरातल्या साऱ्या भितीवर तेच बोटं होते.

"माय, हे तुनं लिपलं?"

"मंग? काल भोकातून पाल आत शिरत होती. तूच म्हनतं आत निखारा हाय. उद्या पंचशील घ्याचं, जीव मारनार नायी म्हनाचं, अन् गान्यासाठी पाल भाजाची काय रे?"

भिवाजीले हासू आवरलं नायी. "पाल वाचली माय, पन पेटीचा दम कोंडला व."

मायचं तोंड उतरलं. "म्हंजे माह्याच हातानं लिलाचं गानं बुडालं."

"बुडते कायले? थांब."

गिरणीतून त्यानं जुन्या चाळणीची जाळी आणली. माती खरडली, भोकायवर जाळी ठोकली. हवा जाईन, पाल नायी. मायनं स्वतः जाळीवर बोट फिरवून पाह्यलं, तवा तिचं समाधान झालं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी भोंगा मागच्या गल्लीकडं तोंड करून बांधला. माय माइकपुढं गाऊ लागली. भिवाजीचे कान गाण्यावर नव्हतेच, हात पेटीत वरून घालून पंखाच्या झाकणावर होता. झाकण तापलं, पण सोसवे एवढंच. आवाज फाटला नायी.

अन् एकदम सारं चूप.

त्याले वाटलं, मेली पेटी! पण भोंगा त घुमत होता. मान वर केली त माय डोळे मिटून उभी, तोंड बंद.

"माय! काहून थांबली?" तो हळूच म्हने.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून वच्छला पळत आली, पदर एकीकडं, आपण एकीकडं. "म्हनून राह्यली व! लिलामावशी खाटीवर पडून तिच्या वाटची ओळ म्हनून राह्यली!"

मायनं डोळे उघडले नायी.

"मालूम हाय मले," ती म्हने. "होऊ द्या तिचं."