तिसऱ्या टोपलीतलं भांडण

सत्यासाठी माणसाने सर्वस्व पणाला लावावं. प्रसंगी सख्ख्या भावाकडेही पाठ फिरवावी. धाकटा पाववाला गेली अकरा वर्षं या तत्त्वाला जागत आला होता. सत्य थोडक्यात असं होतं, की चर्चच्या उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीने घेतात त्या प्रभुभोजनाचा पाव हाताने मोडायचा असतो, आदल्या दिवशी सुरीने चौकोनी तुकडे करून ठेवायचा नसतो.

सुरी थोरल्या भावाची. त्याचं म्हणणं, तुकडे आधीच केले की चुरा सांडत नाही आणि म्हाताऱ्यांना ताटकळावं लागत नाही. धाकट्याचं म्हणणं, प्रभूने काही म्हाताऱ्यांची सोय बघून भाकर मोडली नव्हती. साठ माणसांची मंडळी यावर दुभंगली. एकतीस जण चर्चमध्ये राहिले, एकोणतीस धाकट्यामागून शाळेच्या हॉलमध्ये गेले. दोन्हीकडची गाणी तीच, शुभवर्तमान तेच आणि पावही एकाच भट्टीतला. कारण वडिलांची बेकरी काही दुभंगता येईना. सकाळची पाळी थोरल्याची, दुपारची धाकट्याची. निरोप भट्टीच्या लोखंडी दारावर खडूने लिहायचे. ‘उजवा कोपरा जास्त तापतो.’ ‘माहीत आहे.’ अकरा वर्षांतलं त्यांचं सगळ्यात लांबलचक बोलणं हेच.

एका दुपारी धाकटा पीठ मळत असताना वहिनी बेकरीत आली.

“भाऊजी, डॉक्टरांनी यांना घरी पाठवलंय. आता करण्यासारखं काही नाही म्हणाले. यांची एकच इच्छा आहे. तुमच्याबरोबर एकदा प्रभुभोजन घ्यायचंय.”

धाकट्याचे हात पिठातच थांबले. ‘आत्ता येतो’ म्हणायचं होतं. तोंडातून बाहेर पडलं ते मात्र वेगळंच.

“पाव कापलेला असेल का?”

वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “भाऊजी, डोकंही भट्टीत घालून भाजलंत की काय?” असं म्हणून ती निघून गेली.

त्याला जायचं होतं. दादा मरणार आणि आपण इथे बेकरीत पीठ मळत राहणार, या विचाराने त्याला जेवण जाईना. पण तत्त्व आडवं येत होतं. शेवटी तो म्हाताऱ्या पाळकसाहेबांकडे गेला. फुटीच्या वेळी चर्चचे धर्मगुरू तेच होते. आता दोन्हीकडची आमंत्रणं बंद झाल्यामुळे रविवारी त्यांना भरपूर वेळ असे.

“तीन टोपल्या समज,” पाळकसाहेब म्हणाले. “पहिलीत ते, ज्याच्यावाचून आपण ख्रिस्ती उरतच नाही. ख्रिस्त कोण, तो आपल्यासाठी मेला का, उठला का. तिथे मान गेली तरी हटायचं नाही. दुसरीत ते, ज्याने एका छपराखाली नांदणं अवघड होतं. बाप्तिस्मा कधी द्यायचा, वगैरे. वेगळी चूल मांडावी, पण येणंजाणं ठेवावं. तिसरीत उरलेलं सगळं. त्यावर घरी जाता जाता कुरकुरावं आणि एकत्र जेवायला बसावं.”

“आणि आमचं?”

“तिसरीत. तेही तळाशी.”

खरं तर यावर धाकट्याने धावत सुटायला हवं होतं. तो तिथेच बाकावर बसला. स्वतःच्या मुलीच्या लग्नात दादाची खुर्ची रिकामी होती. दादाच्या पहिल्या ऑपरेशनची बातमी त्याला भट्टीच्या दारावरून कळली होती: ‘आठवडाभर येणार नाही.’ तेव्हाही त्याने मन घट्ट केलं होतं, सत्यासाठी. आणि हे सगळं तळाशी?

“साहेब, निदान दुसरीत तरी घाला.”

“अरे, मी काय भाजी विकतोय?”

“मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की. त्यावर तुम्ही दोघांनी मिळून मला निवृत्त केलंत. तुमचं ते शेवटचं एकमत.”

धाकट्याने चार दिवस घेतले. चार दिवस तो शास्त्र चाळून आपला वाद वरच्या टोपलीत चढवू पाहत होता. चढेना. पाचव्या दिवशी ताजा अख्खा पाव फडक्यात बांधून, पाळकसाहेबांना बरोबर घेऊन तो दादाच्या घरी गेला.

थोरला पलंगावर होता. उशीवर डोकं तेवढं ओळखीचं उरलं होतं. वहिनीने स्टुलावर ताट ठेवलं, शेजारी सुरी. पाळकसाहेबांनी द्राक्षरसाची छोटी बाटली उघडली, प्रार्थना केली. धाकट्याने मनाचा हिय्या केला आणि सुरी उचलली.

“ठेव ती,” थोरला पुटपुटला. “मोड.”

“नको दादा. तुझ्या पद्धतीने घेऊ.”

“मोड म्हणतो ना. तुझं मन राहू दे.”

धाकट्याचा हात थबकला. “माझं मन? म्हणजे बरोबर तू, आणि माझं आपलं मन राखायचं?”

“मग तू सुरी का उचललीस? मरणाऱ्याला खाऊ द्यायला?”

“मी माघार घेतोय, कळत नाही का तुला?”

“मी आधी घेतली. तू धाकटा आहेस, सोडून मीच द्यायला पाहिजे.”

“अकरा वर्षांनी पुन्हा तेच! धाकटा, धाकटा!”

“कुणीतरी काहीतरी करा रे,” पाळकसाहेब म्हणाले. “दोघांचं एकच म्हणणं आहे.”

हे दोघांनाही फार लागलं. थोरल्याने भिंतीकडे तोंड केलं. धाकट्याने पाव पुन्हा फडक्यात बांधला. दारात वहिनी आडवी आली. “भाऊजी, पाया पडते, बसा.” “उद्या येतो,” तो म्हणाला आणि खरंच यायचं होतं त्याला. त्या दुपारी सवयीने त्याने भट्टीच्या दारावरही लिहिलं: ‘चुकलो. उद्या येतो. कसाही घेऊ.’

ते वाचायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच थोरला गेला.

मग प्रार्थना चर्चमध्ये करायची की हॉलमध्ये, यावर दोन्हीकडे सभा झाल्या. ठरलं नाही, म्हणून सगळं परस्पर दफनभूमीतच उरकायचं ठरलं. धाकटा वेळेच्या तासभर आधी जाऊन फाटकाशी उभा राहिला.

शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. दोन्ही मंडळ्या मिळून, धाकट्याला धरून, चार आली. उरलेली दोन शवगाडीवाल्याने दिली.