सर्व हक्क पडदेवाल्यांचे

पडदेवाल्यांच्या दुकानाची वेबसाइट त्यांच्या बायकोने एकटीने उभी केली. इंटरनेटवर फुकट मिळणारा एक साचा घेतला आणि कापडाचा पोत अगदी जवळून दिसेल अशी सोय स्वतः शिकून त्यात बसवली. काम झाल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. "तळाशी साचा करणाऱ्याचं नाव आहे, त्याखाली माझंही राहू द्या."

"घरच्या माणसाचं कसलं आलंय नाव?" पडदेवाले म्हणाले. मग त्यांनी दोन्ही नावं उडवली आणि तिथे 'सर्व हक्क राखीव' अशी ओळ टाकली. एकदा चटक लागल्यावर त्यांना आवरेना. ती ओळ प्रत्येक फोटोखाली गेली, पत्त्याखाली गेली, 'सोमवारी बंद' याच्याखालीसुद्धा गेली. जणू सोमवारी दुकान बंद ठेवायचा शोध त्यांनीच लावला होता! बायको काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं, असं समजून ते निर्धास्त झाले.

एका दुपारी त्यांना दातांच्या एका डॉक्टरांची वेबसाइट दिसली. तोच साचा, तेच रंग. पडदेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लगेच मेल ठोकला, "ही चोरी ताबडतोब बंद करा."

डॉक्टरांचं उत्तर फार सभ्य होतं, म्हणून जास्त झोंबलं. साचा सगळ्यांना मोकळा आहे, अट एवढीच की करणाऱ्याचं नाव काढायचं नाही. माझ्याकडे ते आहे, तुमच्याकडे दिसलं नाही. आणि हो, कापड जवळून दाखवायची सोय सुरेख आहे, कुणी केली?

पडदेवाल्यांनी घाईघाईने साचेवाल्याचं नाव परत लावलं. "झालं बुवा एकदाचं कायदेशीर!"

"त्याची परवानगी होती हो. पण बदल मी केलेत," बायको म्हणाली. "माझी परवानगी कधी घेतलीत?"

"तुझी? तू काय परकी आहेस?"

"परकी असते तर नाव लागलं असतं," ती म्हणाली आणि डॉक्टरांना उत्तर लिहायला बसली.

महिनाभराने डॉक्टरांच्या वेबसाइटवर दात अगदी जवळून दिसू लागले. तळाशी दोन नावं होती, दुसरं तिचं, माहेरच्या आडनावासकट. खाली तिनेच लिहिलं होतं, 'ही सोय कुणीही वापरावी. फक्त माझं नाव काढू नये.'

पडदेवाल्यांना मनापासून वाईट वाटलं. जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला होती तेवढी परवानगी आता त्यांनाही होती, त्याच अटीवर.